सहा खंड, एक पेला

नामगुंग घराण्यातले पितर पूर्वी मध्यरात्री जेवायला यायचे, ते गेल्या पाच वर्षांपासून दुपारी चारला येऊ लागले होते. कारण काय, तर घरातल्या प्राध्यापकांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा तास असतो. पितरांनी तक्रार केली नाही. या घरात तक्रार न करणाऱ्यांच्याच सोयी बदलल्या जातात, हे बोंगहीला एकतीस वर्षांत पाठ झालं होतं.

आज मामंजींचं अकरावं वर्षश्राद्ध. थोरली सून म्हणून बोंगही सकाळी साडेपाचपासून ओट्याशी उभी होती. मासे परतून झाले होते, भोपळ्याच्या चकत्या अंड्यात बुडवून तळून झाल्या होत्या, आणि आता तव्यावर दोंबेगीच्या सळया होत्या. खारवलेल्या शार्कचे हे तुकडे पानात नसले तर तेगूच्या बाजारात सुनेला आठवडाभर तोंड लपवावं लागतं. लसूण नाही, तिखट नाही. मेलेल्यांना सोसत नाही म्हणे. जिवंतपणी मामंजी लसूण-तिखटात मुरलेल्या किमचीची बरणी एकट्याने संपवायचे.

बैठकीत तिचा नवरा ग्यूसोक, इतिहासाचा प्राध्यापक, चेस्टनट सोलत बसला होता. श्राद्धाच्या कामातलं तेवढं एकच पुरुषांच्या वाट्याचं. तासाभरात त्याने अकरा सोलले होते आणि त्यातले तीन वाकडे होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या हिशेबाने घरचे सगळे चेस्टनट सोलून व्हायला त्याला आणखी एक नोकरी लागली असती.

"नाही, माफी मागायची नाही," मागून आवाज आला. "'सध्या जमणार नाही.' बस्स. पुढे 'कारण' म्हणायचंच नाही."

बोंगहीने वळून पाहिलं. धाकटी नणंद इनसुक कानात यंत्र खुपसून, एका हातात पेअरची पेटी घेऊन स्वयंपाकघरात शिरत होती. नऊ वर्षांपूर्वी सोलमधली पक्की प्राध्यापकी सोडून ती घरी बसली, तेव्हा भावांनी तिला वेड्यात काढलं होतं. आता ती तरुण प्राध्यापकांना कारकीर्द कशी सांभाळायची याचं मार्गदर्शन करते. फोनवरून, पडद्यावरून, आठवड्याच्या ठरल्या वेळी. घरात याला कोणी काम म्हणत नसे. 'इनसुकचं ते' म्हणत.

"कोण होतं?" बोंगहीने विचारलं.

"ग्वांगजूची एक मुलगी. तिचे विभागप्रमुख तिला रविवारी डोंगर चढायला नेतात. सगळ्या विभागाला नेतात. तिला गुडघा नाही आणि रविवारही नाही."

"आणि तिला तुम्ही नाही म्हणायला शिकवता. त्याचे पैसे घेऊन." बोंगहीने सळई उलटली. "वन्सं, माझ्या आईने तर मला फुकटात हो म्हणायला शिकवलं."

इनसुक हसली. या बाईला टोमणा लागत नाही, हीच बोंगहीची तिच्याबद्दलची मुख्य तक्रार होती.

"नाही म्हणणं शेवटी येतं, वहिनी. मी आधी एक कागद भरून घेते. या सहामाहीत तुला पुरेसं किती? किती लेख, किती तास, किती समित्या. आकडा लिही. ग्वांगजूच्या मुलीने तो रकाना तीन आठवडे कोरा ठेवला. म्हणाली, पुरेसं म्हणजे काय ते मला कोणी सांगितलंच नाही."

"हे तर भाजीवालीसुद्धा सांगते. हात दोन, पिशव्या दोन."

"भाजीवालीला सांगता येतं, कारण तिला प्राध्यापक व्हायचं नसतं."

तेवढ्यात इनसुकचा फोन पुन्हा थरथरला. मग पुन्हा. दर पाच-सहा मिनिटांनी कुणीतरी नाही म्हणायला घाबरत होतं. दीड वाजून गेला तरी या बाईने सकाळपासून घासभर खाल्लं नव्हतं. आटोपशीर आयुष्याचे धडे देणाऱ्या बाईला स्वतःला पाणी प्यायची फुरसत नाही, याची बोंगहीला गंमत वाटली. तरी तिने भोपळ्याची एक गरम चकती तिच्या तोंडात कोंबली. श्राद्ध होतं खरं. पण पितरांच्या आधी कुणी खायचं नसतं हा नियम तिने आज जरा बाजूला ठेवला.

हेवोन पावणेदोनला आली. बोंगहीची एकुलती एक लेक, साहित्याची सहायक प्राध्यापक, नोकरीचं तिसरं वर्ष. शनिवारी सकाळीही विद्यापीठात जाऊन आली होती. आल्या आल्या तिने बॅग ठेवली, लॅपटॉप उघडला, "आई, पाचच मिनिटं," म्हणाली आणि उभ्याउभ्याच टंकायला लागली. डावा हात मात्र अंगापासून लांब धरला होता, जणू काखेत काही सांडेल.

"हाताला काय झालं?"

"काही नाही. कपडे बदलते."

बोंगही तिच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. लेकीने सदरा काढला आणि बोंगहीच्या हातातलं पांढरं झंपर तसंच राहिलं. डाव्या बरगडीपासून पाठीच्या मणक्यापर्यंत लाल फोडांचा पट्टा उमटला होता.

"नागीण," बोंगही म्हणाली.

"हो. औषध चालू आहे. चार दिवस झाले."

"तीस वर्षांच्या मुलीला नागीण? ही म्हाताऱ्यांची दुखणी गं."

"विभागात आम्हा तिघांना झालीय, आई. डॉक्टर म्हणाले, आराम करा. मी म्हटलं, कधी? ते म्हणाले, ते मला नका विचारू." हेवोन हसायला गेली आणि कळ आल्यावर थांबली.

मग बोंगहीने ते ऐकलं, जे लेकीने फोनवर कधी सांगितलं नव्हतं. विभागाच्या मूल्यमापनाचा दोनशे पानी अहवाल तिच्याकडे, कारण ती सगळ्यांत नवी. परिषदेची चिटणीस तीच, म्हणजे तीनशे सभासदांना पत्रं पाठवायची आणि कोण गोमांस खातं नि कोण नाही याची यादी ठेवायची. उपप्रमुखही तीच, कारण आधीचा उपप्रमुख आजारी पडला होता. आणि चौदा महिन्यांनी तिची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार होतं. तिथे मोजले जातात फक्त छापून आलेले शोधनिबंध. दोन कमी होते. अहवाल, पत्रं, गोमांस, यांतलं काहीही मोजलं जात नव्हतं.

"आणि ते दोन झाले नाहीत तर?"

"तर मी गेले. सगळं केल्याबद्दल एक फुलांचा गुच्छ देतील."

बोंगहीने झंपर तिच्या अंगावर फोडांना न लागेल असं अलगद चढवलं. राग नक्की कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. ती तडक बैठकीत गेली आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. ग्यूसोकचा चेहरा खरोखर पडला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याचं चांगलं वागणं तासाभराहून जास्त टिकत नसे.

"मिनसोक आज काहीतरी घेऊन येणार म्हणत होता," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हेवोनच्या गळ्यात काही घालायला लागला तर मी बघतो. तू काळजी करू नकोस."

धाकटा दीर मिनसोक अडीचला आला. कन्फ्यूशियसच्या तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, विद्याशाखेचा अधिष्ठाता आणि दीड वर्षाने होणाऱ्या कुलगुरूपदाच्या निवडणुकीचा उमेदवार. बायको-मुलं इंग्रजी शिकायला कॅनडात पाठवून दिलेली. हा इथे एकटा राहून विद्यार्थ्यांना कुटुंबधर्म शिकवत असे. त्याने हातांतली गुंडाळी दोन्ही हातांनी मेजावर ठेवली. तुतीच्या सालीचा जाड कागद, त्यावर ब्रशने स्वतः लिहिलेलं निवेदन.

श्राद्धात तांदळाच्या दारूचा पहिला पेला वाहिला की हे निवेदन पितरांना मोठ्याने वाचून दाखवायचं असतं. त्यात जे कबूल केलं ते कबूल. बावीस वर्षांपूर्वी आजीच्या श्राद्धात ग्यूसोकने दारू सोडल्याचं असंच वाचून टाकलं होतं. तेव्हापासून पितरांचा प्रसाद म्हणून सगळे पेला ओठांना लावतात आणि तो बिचारा वास घेऊन खाली ठेवतो.

"वाच, दादा," मिनसोक म्हणाला.

ग्यूसोकने वाचलं. सुरुवातीला तिथी, वार, हंगामाची थंडी, मुलांचा शोक. मग: "आपली नात हेवोन आपल्या समग्र लेखनाचे सहा खंड संपादित करून आपल्या जन्मशताब्दीस आपल्या चरणी अर्पण करील, असे आम्ही सर्व नम्रपणे निवेदन करतो."

शताब्दी दीड वर्षावर होती. बोंगही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. सहा खंड! मामंजींनी आयुष्यभर काय लिहिलं हे तिला चांगलं ठाऊक होतं. इमारतींच्या उद्घाटनाची भाषणं, मंत्र्यांना पत्रं, आणि मातृपितृभक्तीवरचे ते लेख, जे ते शेवटची चार वर्षं अंथरुणावर पडल्यापडल्या सांगायचे, आणि त्याच वेळी ती त्यांची चादर बदलत असायची.

"विद्यापीठाच्या नव्या वाचनालयात बाबांच्या नावाचं दालन होणारच आहे," मिनसोक सांगत होता. "खंड वेळेत आले तर उद्घाटन निवडणुकीच्या आधी... म्हणजे, शताब्दीला होईल. हेवोनलाही मान आहे हा. आज तिसरा पेला तिचा."

या घरात पेलेसुद्धा पदाप्रमाणे वाहिले जात. पहिला थोरल्या मुलाचा. दुसरा शास्त्राप्रमाणे थोरल्या सुनेचा. पण लग्नाच्या पहिल्याच वर्षी मिनसोक म्हणाला होता, "वहिनींना आत किती काम, मी घेतो," आणि तो पेला तेव्हापासून त्याच्याच हातात राहिला होता. पुढचे पेले प्राध्यापकांना, मग सहयोगी, मग सहायक. विद्यापीठाची बढतीची यादी आणि नामगुंगांची श्राद्धाची यादी वेगळी छापायची गरज नव्हती.

हेवोन स्वयंपाकघरात आली. इनसुकने फोन उलटा घालून ठेवला आणि तिचा हात धरला.

"ऐक. लगेच उत्तर द्यायचं नाही. वेळापत्रक बघून दोन दिवसांत सांगते, एवढंच."

"आणि ते ऐकले नाहीत तर?"

"तर विचार: हे घ्यायचं असेल तर आत्ताच्या कामांतलं कुठलं सोडू, ते तुम्हीच सांगा. ओझं टाकणाऱ्यालाच निवडायला लाव. आणि हेवोन, आजाराचं सांगू नकोस. कारण दिलंस की लोक त्या कारणाची दुरुस्ती करायला निघतात. नागीण म्हणालीस तर काका मलम आणून देतील आणि खंड तसेच राहतील."

"आत्या, तू हे सगळ्यांना शिकवतेस?"

"सगळ्यांना."

"जमतं त्यांना?"

इनसुकने उलटा ठेवलेला फोन थोडा बाजूला सरकवला. "निम्म्यांना," ती म्हणाली.

बोंगहीने नाकातून आवाज काढला. निम्म्यांना! एवढ्या शिकलेल्या बाया, आणि दोन वाक्यांची तालीम करतात, पहिल्यांदा शाळेत कविता म्हणणाऱ्या पोरींसारखी. पण तिचे कान तिकडेच होते. दुसरं वाक्य तिला आवडलं होतं, आणि आवडलं याचा तिला राग आला.

हेवोन बैठकीत गेली. हात पुढे घेऊन, मान खाली घालून उभी राहिली.

"काका, मी वेळापत्रक बघून दोन दिवसांत सांगते."

मिनसोकने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दोन दिवस? बाबा चारला येतायत."

या वाक्यावर इनसुकच्या कुठल्याच कागदात उत्तर नव्हतं. हेवोनने दुसरं वाक्य काढलं.

"मग हे घ्यायचं असेल तर माझ्याकडे आहे त्यातलं कुठलं काम सोडू? तुम्हीच सांगा."

"सोडायचं कशाला?" मिनसोक मनापासून चकित झाला. "पहाटे चारला ऊठ. मी तुझ्या वयात दोन परिषदा सांभाळत होतो. आणि आजोबा? युद्धात, तळघरात, मेणबत्तीच्या उजेडात प्रबंध लिहिला त्यांनी."

मेणबत्ती धरून सासूबाई उभ्या होत्या, हे या गोष्टीत कधीच येत नसे.

"तिला खरंच वेळ नाही, मिनसोक," ग्यूसोक म्हणाला. नवरा शब्दाला जागत होता. "पोरीची तब्येतही..."

"दादा, सहाही खंडांची प्रस्तावना तुझी." मिनसोक सहज म्हणाला. "थोरल्या मुलाची. निवृत्तीआधी तेवढंच मोठं नाव राहील."

ग्यूसोक हातातल्या वाकड्या चेस्टनटकडे पाहत राहिला. "सहाही?" त्याने विचारलं. आणि मग लेकीकडे न बघता म्हणाला, "हेवोन, तसं बघितलं तर काम टप्प्याटप्प्याने करता येईल. सुट्टीत वगैरे."

बोंगहीला त्या माणसाच्या डोक्यात तवा घालावासा वाटला. तासभरही टिकला नाही. एका प्रस्तावनेला विकला गेला, आणि तीसुद्धा कुणी न वाचणारी.

इनसुकला राहवलं नाही. ती दारातून पुढे आली. "धाकटे दादा, ती आजारी आहे. दिसत नाही का तुम्हाला? निवडणूक तुमची, दालन तुमचं, आणि खंड तिने करायचे?"

स्वतःच दिलेला सल्ला स्वतःच मोडला, हे बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

"आजारी?" मिनसोकने भुवया उंचावल्या. "काय होतंय? माझ्या मित्राचं चांगलं हॉस्पिटल आहे, सोमवारी दाखवू. आठवड्यात बरी होईल. आणि इनसुक, तू या विषयात न बोललेलं बरं. नोकरी सोडून पळालेली माणसं नोकरी कशी टिकवायची ते शिकवतात. कोण जातं गं तुझ्याकडे?"

"तुमच्याच विद्याशाखेतले चौघे येतात," इनसुक म्हणाली. "आणि मी पळाले नव्हते. विभागाच्या प्रसाधनगृहात फरशीवर पडले होते. सफाईवाल्या बाईने उचललं. त्या दिवशी माझ्याकडे सात समित्या होत्या. तुम्हाला फोन केला तर तुम्ही विचारलंत, राजीनामा दिला नाहीस ना?"

"आजच्या दिवशी नको," ग्यूसोक म्हणाला. हे वाक्य तो गेली अकरा वर्षं दर श्राद्धाला म्हणत आला होता.

आणि मग हेवोन म्हणाली, "ठीक आहे. करते."

कसा हलका, नम्र आवाज. कुणाला त्रास होऊ नये असा. बोंगही दारात खिळली. हा आवाज तिने ओळखला, कारण तो तिचाच होता. मामंजींच्या अंथरुणाशी, दिराच्या पाहुण्यांसाठी, दर वर्षीच्या आठ श्राद्धांना ती याच आवाजात हो म्हणाली होती. प्राध्यापकांच्या घराण्याने लेकीला पदव्या दिल्या असतील. हा आवाज मात्र आईने दिला होता. बोंगहीला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पावणेचार झाले होते. आतल्या खोलीत पडद्यापुढे मेज मांडलं होतं. फळं, मासे, दोंबेगी, सगळं जागच्या जागी होतं. फक्त भात आणि रस्सा शेवटी गरम वाढायचा राहिला होता. बोंगहीने हात पुसले आणि बैठकीत आली. या वेळी ती बैठकीत येत नसे, त्यामुळे सगळ्यांनी वर पाहिलं.

"भावजी, एक अडाण्याचं विचारते. हे खंड तुम्हीच का नाही करत? मामंजींचे मुलगे तुम्ही, विषयही तुमचाच. हेवोनच्या जागी तुमचं नाव घाला. कागद आहेच, ब्रशही आहे."

मिनसोक हसला. "वहिनी, मला कुठून वेळ? अधिष्ठातापद, निवडणूक... ती होईपर्यंत तर श्वास घ्यायला फुरसत नाही."

"बरं. मग तुम्ही?" ती नवऱ्याकडे वळली.

"अगं, माझे डोळे... आणि निवृत्तीआधी दोन पुस्तकं संपवायची आहेत."

"म्हणजे तुम्हा दोघांना नाही म्हणता येतं," बोंगही म्हणाली. "कुणाची शिकवणी न लावता."

इनसुकने तोंडावर हात ठेवला.

"मग आज निवेदन नको. असंच करू श्राद्ध," बोंगही पुढे म्हणाली.

"निवेदनाशिवाय?" मिनसोकचा आवाज चढला. "वहिनी, हे काय भाज्या निवडणं आहे? याला शास्त्र असतं!"

"असतं ना. निवेदन नसेल तर एकच पेला. थोरल्या मुलाने वाहायचा, संपलं. मामंजींनीच मला सांगितलं होतं. ज्या वर्षी तुम्ही परिषदेहून आला नाहीत आणि कागद लिहायला कोणी नव्हतं, त्या वर्षी. सणाच्या सकाळी आपण करतो तसं. तुम्ही तर या विषयावर पुस्तक लिहिलंय म्हणतात, भावजी. असेल की त्यात."

होतं. मिनसोकच्या चेहऱ्यावरूनच कळलं की चौथ्या प्रकरणात होतं. तो काही क्षण दुसरं शास्त्र शोधत राहिला, आणि मग त्याच्या तोंडून जे खरं होतं ते निसटलं.

"आणि दुसरा पेला?"

अधिष्ठाता, कुलगुरूपदाचा उमेदवार, साठीला आलेला माणूस, आणि पेला जाणार म्हणून त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा पुढे आला होता. बोंगहीला त्याची कीव आली असती. पण आज तिच्याकडे तेवढी शिल्लक नव्हती.

"दुसरा पेला माझा आहे, भावजी. एकतीस वर्षं माझाच होता. तो मी आज सोडला. मीच सोडल्यावर तुम्ही घ्यायला तो उरत नाही." ती नवऱ्याकडे वळली. "भात तयार आहे. कुठल्या श्राद्धाचा वाढू ते थोरल्या मुलाने सांगावं. सहा खंडांचं असेल तर वाढणारी बाई दुसरी शोधा."

ग्यूसोकने भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि मग कितीतरी वेळाने लेकीकडे. हेवोन एक खांदा पाडून उभी होती आणि झंपराचं कापड दोन बोटांनी पाठीपासून दूर धरत होती. दुपारी बापाला हे सांगितलेलं होतं आणि तीनच्या आत तो ते विसरला होता. आता त्याला ते आठवलेलं दिसलं. त्याने मेजावरची गुंडाळी उचलली, दुमडली आणि खिशात घातली.

"एकच पेला," तो म्हणाला.

"आई, मी हो म्हटलं होतं," हेवोन स्वयंपाकघरात आल्यावर कुजबुजली. चिडलीच होती ती. "तूही मला न विचारताच ठरवलंस. मला माझं बोलता येतं."

"येतं. बरी झालीस की बोल. माझ्याशीही भांड."

भात वाढला. रस्सा वाढला. ग्यूसोकने पेला वाहिला, उदबत्तीच्या धुरावरून तीनदा फिरवून मेजावर ठेवला, आणि भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवला. कुणी काही वाचलं नाही. पुढे दोघे भाऊ, मागे बायका. सगळ्यांनी गुडघे टेकून, हातांवर कपाळ ठेवून नमस्कार घातला. एकदा. दोनदा.

भाऊ उठले. इनसुक उठली. बोंगही उठली. हेवोन उठली नाही.

कपाळ हातांवर तसंच टेकलेलं होतं, तोंड किंचित उघडं. इनसुक घाबरून खाली वाकली, आणि बोंगहीने नणंदेचं मनगट पकडून तिला अडवलं. लेकीचा श्वास संथ चालला होता. आजोबांपुढे नमस्कार घालता घालता ती झोपली होती.

"हे काय? पितरांसमोर..." मिनसोक पुटपुटला.

"पितरांची नात आहे. ते बघून घेतील. चला बाहेर."

नाहीतरी या वेळी बाहेर जायचंच असतं. पितर जेवत असताना त्यांच्याकडे टक लावून बघायचं नाही. खोलीचं दार लावून नऊ घास होतील एवढा वेळ बाहेर थांबायचं, आणि मग थोरल्या मुलाने तीनदा खोकून, आम्ही येतोय अशी वर्दी देऊन, दार उघडायचं. बोंगहीने सरकतं दार ओढून घेतलं. चौघे अरुंद पडवीत खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

नऊ घास झाले. वीस झाले असावेत. मिनसोकने घड्याळ पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये कुणाचीतरी गाडी मागे घेताना पीं पीं करत राहिली आणि थांबली. ग्यूसोकने छाती भरून घेतली, मूठ तोंडाशी नेली.

"खोकू नका," बोंगही म्हणाली.

"अगं, रस्सा गार होतोय."

"होऊ दे. मामंजी अजून जेवतायत."

ग्यूसोकने तिच्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. दारापलीकडून त्याच्या लेकीच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. त्याने मूठ खाली घेतली, खोकला गिळला आणि भिंतीला पाठ टेकून खाली बसला.